सही केलेले कोरे कागद

६ मे
लिहायला बसले, कारण काल रुमा म्हणाली, "मासीमा, तो दाखला तुमच्या हातून चुकून गेला, एवढंच लक्षात ठेवा." माझ्या हातून गेलेला नाही. चार जणांनी चारदा सांगितल्यावर माझीच खात्री डळमळू नये, म्हणून हे.

मालती बागबाजारच्या आमच्याच गल्लीत राहते. फॉल-पिको करते. तळमजल्यावरची एक खोली, तीस वर्षं भाड्याने. घरमालकाला घर पाडून प्रमोटरला, म्हणजे बिल्डरला, द्यायचंय. त्याने कोर्टात आमदारांचा दाखला लावला: मालती सहा वर्षं इथे राहतच नाही. आमदार म्हणजे रुमा. सही तिचीच. मजकूर मात्र टाइप केलेला. तिचे दाखले मीच लिहिते, तेही हाताने, हे गल्लीतलं पोरही सांगेल.

कोर्टाची तारीख १४. रुमा लोकसभेचा अर्ज भरणार १३ला.

७ मे
पद्धत रुमा नगरसेविका झाली तेव्हापासूनची. दाखल्यासाठी माणसं सकाळी सातपासून तिचं ऑफिस असलेल्या क्लबघराच्या पायरीवर, आणि ही मीटिंगला. म्हणून दर सोमवारी लेटरहेडच्या वीस कोऱ्या कागदांवर तळाशी सह्या करून ठेवायची. मी माणूस पाहून, घर पाहून वर मजकूर भरायची. कुणाचं रेशन अडू नये, कुणाची शाळा. आमदार झाली, लेटरहेड बदललं, पद्धत तीच. बँकेत असताना कोऱ्या चेकवर सही करणाऱ्याला मी काउंटरवरून परत पाठवलं असतं. इथे स्वतःच कपाटाची किल्ली कमरेला लावून फिरले.

डिसेंबरात भाचीच्या लग्नाला पुण्याला गेले. जाताना सह्या केलेले बारा कागद तपनकडे दिले. तपन रुमाचा उजवा हात. पोच घेतली नाही. मी!

हे म्हणाले, "तुझं अक्षर मोत्यासारखं. आता त्याच मोत्यांचा हार घालतील तुला." हसले नाही.

९ मे
तपन आला. चपला न काढता आत. "बर्गी परत आले म्हणायचं बागबाजारात!" बर्गी म्हणजे आम्ही मराठे; आमच्या जुन्या स्वाऱ्या हे बंगाली लोक अजून चहाबरोबर उगाळतात. एरवी मीही चार शब्द सुनावते. आज चहाच विचारला नाही.

त्याला कपाटातले उरलेले कागद हवेत. शिवाय माझ्या सहीचं पत्र, की दाखला मी चौकशी न करता दिला. पत्र तयारच करून आणलेलं.
"ते बारा कागद कुठे गेले, तपन?"
"कुठले बारा? पोच दाखवा ना, मासीमा."
शिकला माझ्याकडूनच.
हात हलवत पाठवला. पुन्हा येईल.

१० मे
मालतीकडे. मशीन दारातच, आत उजेड नाही म्हणून. माझाच ब्लाउज हातात. दातात दोरा धरून म्हणाली, "दीदी, मी इथे राहते की नाही, ते आता तुम्हीच सांगा."
ब्लाउज घेऊन आले.

११ मे
रुमा स्वतः. एकटीच, गाडी कोपऱ्यावर ठेवून. पहिल्या निवडणुकीला आम्ही दोघींनी ही गल्ली दारोदार केली होती. तिच्या चपलेचा अंगठा तुटला तेव्हा माझ्या घालून पुढे गेली. "मला मत द्या" म्हणताना लाजायची. आता पोस्टरवर तीन मजली.

"मासीमा, दिल्लीला गेले की मालतीला याहून चांगली खोली देईन. आत्ता बोललात तर माझंही जाईल, तिचंही."
"दाखला खोटा आहे, एवढंच कोर्टात सांग."
"अर्ज भरायच्या तोंडावर?" मग अगदी हळू, "तुमच्या निखिलला पासपोर्टसाठी इथे राहतो असा दाखला दिला, आठवतो? तेव्हा तो बंगलोरला राहायचा. कागद तोच. अक्षर तुमचं."

आठवतो. विसरले नव्हतेच. विषय काढत नव्हते.

जाताना पाया पडली. नेहमीसारखी.

१२ मे
निखिलला फोन केला. सगळं सांगितलं. "आई, कोणी विचारला तर सांग ना. आपण स्वतः का सांगायचा? माझा पासपोर्ट अटकेल." एवढं मराठी, मोडकं का होईना, एका दमात तो कितीतरी दिवसांनी बोलला.
"आणि मालतीला काय सांगू?"
"ते मला नाही माहीत." ठेवला.

हे जेवताना म्हणाले, "वकिलाकडे जाशील तेव्हा छत्री ने. ऊन फार आहे."

१३ मे
सकाळी मिरवणूक गल्लीतून गेली. ढाकांचा दणदणाट, गुलाल, उघडी जीप. रुमाने गॅलरीकडे पाहून हात जोडले. मीही जोडले.

निखिलचा फोन नाही.

दु. चार. मालतीच्या वकीलबाईंच्या हाती दिलं ते:
आमदारांच्या लेटरहेडचे सही केलेले कोरे कागद, नऊ.
माझं निवेदन, दोन पानं, हाताने लिहिलेलं. बारा कागद तपनला दिले आणि पोच घेतली नाही, हे त्यात आहे.
निखिलच्या दाखल्याची झेरॉक्स, एक. ही त्यांनी मागितली नव्हती. "ही कशाला?" विचारलं. म्हटलं, "उद्या दुसऱ्या कुणी आणून देण्याआधी."

पोच घेतली.