थांब म्हटलं तरी

१२ फेब्रुवारी १९९६, सोमवार
हेमचंद्र परत आला! आमच्या लेकीचा, अंबिकाचा, ऑफिसातला वरचा माणूस. गिरगावातून लालबागला, कामासाठी — असं म्हणतो. ऑफिसने घरी दिलेल्या कॉम्प्युटरवर दोघं डोकं घालून. माझा उपास, तरी दोनदा चहा टाकला. साखर बेताचीच.
"गो, त्याका चाय तरी गोड दी!" म्हणतात हे. ह्यांना सगळेच आपले. गिरणीच्या संपात आमच्याच ताटात जेवलेला ह्यांचा दोस्त सगळ्यांच्या आधी गिरणीत शिरला — विसरले!

१४ फेब्रुवारी
अंबिकाला विचारलंच, करता काय एवढं? म्हणाली, आमचा इंटरप्रिटर म्हणजे प्रोग्रामची लिहिलेली एकेक ओळ वाचून यंत्राकडून करून घेणारा. मध्येच कोणी 'थांब' म्हटलं, तर तो सिग्नल. हा बापडा दर पावलाला बघतो, सिग्नल आला का? म्हणून रखडतो.
"आई, तू दर पोळीला नळ बघायला उठतेस?"
"कशाला? नळ उघडा ठेवून खाली कळशी ठेवते. वाजली की कळतं."
"आणि तव्यावरची पोळी उतरवूनच जातेस ना? तसंच करतोय. दर पावलाला बघायचं नाही."
पटलं. पण अक्कल कोणाची, विचारलं तर म्हणे, "दोघांची." डोळे पडद्यावर. संशय आलाच.

१६ फेब्रुवारी
इंटरप्रिटर दुप्पट पळतो! हेमचंद्र मात्र तोंड पाडून. "लांब फेऱ्यात तरी, त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालतात तिथे, सिग्नलची तपासणी राहू दे, अंबिका." पोरीचं चांगलं झालेलं बघवत नाही मेल्याला.

१९ फेब्रुवारी
घात झाला. ऑफिसात साहेब आणि गिऱ्हाईक बसलेले, आणि प्रोग्राम थांबेचना! बटणं दाबून दाबून थकले. शेवटी वीजच बंद केली. अंबिका ह्याच महिन्यात कायम व्हायची होती — ह्यांची गिरणी गेल्यापासून घर तिच्यावर. पोर जेवली नाही.
"त्यानेच घातलं ना खड्ड्यात?"
तोंड फिरवून आडवी झाली. म्हणजे तोच!

२१ फेब्रुवारी
देवीला साकडं घातलं. पोरीला वाचव, करणाऱ्याला दाखव.

२३ फेब्रुवारी
अंबिका कायम! हेमचंद्रला काढलं. देवी पावली! पेढे आणले — पाव किलोच, पण चांगल्या दुकानातले.

२४ फेब्रुवारी
अंबिकाने आज सांगितलं. फेऱ्यातली तपासणी तिनेच काढली होती, तो नको म्हणत असताना; म्हणून प्रोग्राम थांबेना. साहेबांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, माझी चूक. ही गप्प राहिली.
पेढे अजून देवीपुढेच आहेत. उचलवत नाहीत.