गलबतावरचा हापसा

८ सप्टेंबर, कोबे

पोचले एकदाची. केंद्राच्या दारातच चारुदत्त सर आणि जयंतीकाकू दोघंही वाट पाहत उभे होते. काकूंनी डब्यात साबुदाण्याची खिचडी आणली होती, तीही उपास नसताना. सर इथल्या बंदरावरच्या संशोधन केंद्रात सहा वर्षं आहेत. माझी पोस्टडॉकची जागा त्यांनीच खटपट करून मिळवून दिली. माझ्याहून हुशार मुलं रांगेत होती, तरी मीच का, हे कळलेलं नाही. पण नशिबाशी हुज्जत कोण घालतंय.

काकूंच्या हातातली भाजीची पिशवी मी सवयीने काढून घेतली. आईने हे अंगात मुरवलंय: मोठ्यांच्या हातात ओझं दिसलं की विचारत बसायचं नाही, घ्यायचं. काकूंनी सरांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, नुपूर वळणाची मुलगी आहे. मला फार बरं वाटलं.

११ सप्टेंबर

आज गलबत पाहिलं. गलबत म्हणजे टाकीत औषधी पाण्यात बुडवून ठेवलेल्या काळ्या फळ्या. चारशे वर्षांपूर्वी गोव्याहून नागासाकीला येताना बुडालेलं पोर्तुगीज जहाज, लाकूड मात्र आपल्या वसईकडचा साग. त्यात मुरलेलं मीठ काढणं हे माझं काम.

सरांनी त्याची गोष्ट सांगितली. वारे आणि तारे वाचत हे लोक अर्धी पृथ्वी पालथी घालून आले, पण जहाजं गळकी. आत आलेलं पाणी दिवसरात्र हापसून बाहेर काढावं लागे आणि ते काम कोकणातल्या खलाशांकडे. खडकावर आपटल्यावर कप्तानाने त्यांना सांगितलं, तुम्ही हापसत राहा, होड्या परत पाठवतो. होड्यांतून तो गेला, रेशीम गेलं. होड्या परत आल्याच नाहीत.

तो लाकडी हापसाही सापडलाय. टाकीशेजारी बसवलाय आणि सर तो दिवसातून कितीदा तरी हापसतात, गळतीच्या अभ्यासासाठी म्हणे. खाली नुसती सिमेंटची जमीन आहे, मग पाणी येतं कुठून, असं मी विचारलं. सर म्हणाले, चहा गार होतोय.

२० सप्टेंबर

रविवारी काकूंकडे पुरणपोळ्या. माहेरपण म्हणतात ते हेच. आईला दिवाळीला बोलव म्हणून काकू मागेच लागल्या होत्या, सगळी कागदपत्रं त्यांनीच केली. आईचा व्हिसा आलासुद्धा. आई चकल्यांची भाजणी घेऊन येणार आहे.

सरांचा खोकला ऐकवत नाही. सहा वर्षांत ते एकदाही घरी गेले नाहीत, त्यांची आई गेली तेव्हासुद्धा नाही. केंद्रातले जपानी सहकारी मोरिता-सान त्यांच्याकडे नुसते बघत उभे असतात. इथली रीतच तशी. ज्याचं काम त्याचं, दुसऱ्याने त्यात हात घालणं म्हणजे त्याचा अपमान. मला काही ते पटत नाही.

२९ सप्टेंबर

आज सर हापसताना खोकून खोकून वाकले. मी धावत गेले, म्हटलं, द्या सर इकडे, आणि त्यांच्या हातातून दांडा घेतला.

सर बाजूला सरकले आणि रडायला लागले. आधी वाटलं, कृतज्ञता असेल. मग त्यांनी भरभरून श्वास घेतला, बराच वेळ पाण्याखाली राहिलेला माणूस घेतो तसा. खोकला थांबला होता. माझ्या डोक्यावर हात ठेवून ते निघून गेले.

दांडा मी खाली दाबते तेव्हा पलीकडून कोणीतरी वर उचलतं. पलीकडे कोणी नव्हतं. दमले असेन.

३० सप्टेंबर

सरांचं टेबल रिकामं. मोरिता-सान म्हणाले, सरांनी राजीनामा महिन्याभरापूर्वीच दिला होता, मला ठाऊक असेल असं त्यांना वाटलं. घराला कुलूप आहे. काकूंचा फोन बंद.

सकाळी चहा खारट लागला. दुधात काही नव्हतं. मीठ माझ्या तोंडात होतं.

३ ऑक्टोबर

कालपासून दांड्यापासून लांब गेले की छातीत पाणी चढतं. कोपऱ्यावरच्या कोंबिनीपर्यंत, त्या छोट्या दुकानापर्यंतसुद्धा जाता येत नाही. खोकल्यातून समुद्र येतो. आता केंद्रातच राहते. मोरिता-सान रोज गरम कॉफीचा डबा शेजारी ठेवून जातात.

आज त्यांना हात जोडले, जरा धरा म्हटलं. त्यांनी धरला. दांडा हललाच नाही. त्यांनी कमरेत वाकून माफी मागितली.

खालून आवाज येतात. आपल्याच बोलीत. एकच विचारतात, होडी आली का.

६ ऑक्टोबर

काकूंनी फोन उचलला. आधी रडल्या, मग सगळं सांगितलं. मागून चालत नाही. दांडा कोणीतरी स्वतःहून, मायेने हातातून घ्यावा लागतो. सरांनीही असाच एका म्हाताऱ्या गोवेकराच्या हातून घेतला होता. इथलं कोणी घेणार नाही, म्हणून आपल्याकडची, वळणाची मुलगी शोधली.

म्हणजे खिचडी, पुरणपोळ्या, डोक्यावरचा हात, सगळं यासाठी. मी या बाईला आई मानायला निघाले होते. इतका संताप आयुष्यात कोणाचा आला नाही.

काकू शेवटी म्हणाल्या, तुलाही अडकवून ठेवलेलं नाही गं, तुझी सोय केली आहे. आई येतेच आहे ना.

७ ऑक्टोबर

आईला फोन केला. येऊ नकोस म्हटलं. खूप काम आहे म्हटलं. भांडले. वाट्टेल ते बोलले —

पण मध्येच खोकला आला. तिने ऐकला.

९ ऑक्टोबर

आई आज निघाली. दिवाळीची वाट न पाहता. तिकीट बदलून.

तिला साधा जिना चढवत नाही. पण कोणाच्या हातात बादली दिसली तरी —

दांड्याला हात न लावता बसून पाहिलं. नाकातोंडातून पाणी. बोटं आपोआप परत —

१० ऑक्टोबर

डाव्या हाताने लिहिते आहे. मोरिता-सान तिला आणायला स्टेशनवर गेलेत. नको म्हटलं तरी. भला माणूस.

दार आतून लावलंय. ती आली की सांगायचं, हात लावू नकोस. शपथ घालायची. माझी —

आणि तरीही. मनात एक कोपरा आहे. तो म्हणतो, घेऊ दे. मोकळा श्वास फक्त एकदा. सरांना असंच वाटलं असेल. त्यांना शिव्या घालायचा हक्कही —

जिन्यावर पावलं. तिची. मध्ये थांबून दम घेतेय.

खालून विचारताहेत, होडी आली का.

मोरिता-सानकडे किल्ली आहे. विसरलेच मी. दार —

भाजणीचा वास. तिने पिशवी खाली ठेवली. माझ्याकडे बघतेय. बाही वर सारतेय —

आई, नको, मी करते, तू हात ल