गुलाबी प्रवाळाची जागा

प्रिय दीक्षा,

सप्रेम जयभीम. हे पत्र मुद्दाम तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर धाडते आहे. एकटी असताना वाच.

उन्हाळ्यापासून मी तुझ्या बाबांवर संशय घेत होते. निवृत्तीनंतर त्यांनी हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी मांडली, तेव्हा आपण दोघी किती हसलो होतो, नागपुरात समुद्र म्हणून. पण प्रवाळं कशी मांडायची याचा त्यांना भारी सोस. उजेड लागणारी वरच्या खडकावर, सावलीतली खाली वाळूजवळ, दोघांत वीतभर अंतर, नाहीतर एकमेकांना डंख मारून जाळतात. सगळ्यात देखणं प्रवाळ कधी मधोमध नाही, जरा बाजूला. म्हणजे नजर फिरत फिरत तिथवर पोचते, असं ते म्हणायचे. काच पुसताना माझ्या हातून एखादा तुकडा बोटभर सरकला, तरी चहा पिता पिता त्यांच्या लक्षात यायचं.

या उन्हाळ्यात मांडणीच बिघडली. सावलीतलं जांभळं दिव्याखाली जाऊन पांढरं पडलं. दोन हिरवी एकमेकांना टेकली आणि त्यातलं एक जळालं. मी विचारलं तर म्हणाले, "तूच हात घातला असशील." मी हॉलमध्ये गेले की फोन बंद करायचे. एकदा दाराआडून ऐकलं, "आता कसं दिसून राहिलं? अजून डावीकडं घेऊ का?" पलीकडून बाईचं हसणं. लेकीला हे लिहायची लाज वाटते, पण माझ्या मनात तेव्हा नको तेच आलं. ते आंघोळीला गेल्यावर मी त्यांचा फोन पाहिला. रोज एकाच नावाला कॉल: भूमिका, महाल.

दुसऱ्या दिवशी ऑटो करून महालात गेले. भूमिका मासे आणि प्रवाळ विकणारी निघाली, वयाने तुझ्याहून लहान. म्हणाली, "काकू, काका व्हिडिओ कॉल करून विचारतात, कोणतं कुठं ठेवू. मी म्हटलं, काहून? तर म्हणे रंगाचा अंदाज येऊन नाही राहिला. मले वाटलं, तुम्हाले माहीत असेल." माझा विश्वास बसला नाही. दोघांनी ठरवून ठेवलेलं उत्तर असेल, असंच वाटलं.

मग मी परीक्षा घेतली. ते बाहेर गेले असताना त्यांचं लाडकं गुलाबी प्रवाळ उचलून खडकामागे ठेवलं. संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे कृष्णकांत भाऊजी आले. बाबांनी मोकळ्या खडकाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "हे गुलाबी पहा, कसं फुलून राहिलं." भाऊजी माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटलं, "हो, छान फुललंय."

भाऊजी गेल्यावर मी ते प्रवाळ परत ठेवायला पाण्यात हात घातला. पाण्याच्या आवाजावरून माझी परीक्षा त्यांना कळली.  मग म्हणाले, "कडेचं दिसते. मधात नुसता डाग आहे. दीक्षाले सांगू नको." मी ओल्या हाताने त्यांचा हात धरला आणि नाही सांगणार म्हणाले.

तो शब्द मी आज मोडते आहे. फोनवर बोलताना ते माझ्या शेजारीच बसलेले असतात, म्हणून हे पत्र. रविवारी तू तुझ्या पिल्लूला, आमच्या नातवंडाला घेऊन येणार आणि ते स्टेशनवर स्वतः गाडी घेऊन येणार, असा त्यांचा हट्ट आहे. परवा नंदनवनच्या चौकात समोरचा सायकलवाला त्यांना दिसलाच नाही. मी स्टिअरिंग ओढलं म्हणून तो वाचला.  मी किल्ली लपवली तर चिडतील आणि दवाखान्यालाही नाही म्हणतील. तुला नाही म्हणायची त्यांची हिंमत नाही. तेव्हा त्यांना न कळवता शनिवारीच ये, स्टेशनवरून ऑटो कर, आणि सोमवारी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे तूच ने. आईने कळवलं असं खुशाल सांग. माझा राग आला तर येऊ दे.

तुझीच,
आई