जुनंच माप लिही

मी, वय वर्षे एकाहत्तर, धंद्याने शिंपीण, डोके ठिकाणावर, हात थोडे कापरे, कोणाचाही दाब वा आमिष नसताना हे माझे शेवटचे म्हणणे स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवीत आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागात केले होते.

१. राहते घर व खालचे दुकान माझ्या मुलीस मिळावे. ती माझ्या पोटची नाही, माझ्या कैलासवासी नवऱ्याच्या पहिल्या बायकोची. "कायद्याने ती तुझी कोण लागते?" असे माझा धाकटा भाऊ दर भेटीत विचारतो, म्हणून हा कागद. भावास माझी मोठी कात्री द्यावी. त्याच्या बायकोने पुठ्ठे कापून तिची धार घालवली आहे, तेव्हा ती त्यांच्याच घरी शोभेल.

२. मुलीची आई माझे जुने गिऱ्हाईक. शेवटच्या वर्षात एकच करडा कोट ती तीनदा आत घ्यायला घेऊन आली. दर वेळी पडद्यामागे हळूच म्हणायची, "वहीत जुनंच माप लिही गं. कपडे न्यायला हे येतात, वही बघतात. उगाच घाबरतील." मी कोट आत घेत गेले आणि वहीत कंबर बत्तीसच लिहीत गेले. घरी आजार कळला तेव्हा तो हाताबाहेर गेला होता.

पुढे तीन वर्षांनी मी त्याच घरात लग्न करून आले. "वेळेत कळलं असतं तर," असे नवरा जेवताना म्हणायचा आणि मी मुकाट्याने वाढायची. दुकानातला पडदा हलला की आजही माझ्या तोंडून "आले हं" निघून जाते. पडद्यामागे कोणी नसते.

३. मुलगी तेव्हा दहा वर्षांची. अकरा महिने माझ्याशी अवाक्षर बोलली नाही. "घरातलं बाहेर कशाला सांगायचं?" म्हणणाऱ्या नवऱ्याला ओढत मी समुपदेशकबाईंकडे नेले. बाईंनी आम्हा तिघांसमोर चौथी खुर्ची मांडली. "हिची आई तुमच्या घरात आहेच. तिला बसायला जागा द्या, म्हणजे ती दारात उभी राहणार नाही." मला म्हणाल्या, "तुम्ही आई व्हायची घाई करू नका. रोज अर्धा तास दोघी एका टेबलाशी बसा. बोलणं नाही झालं तरी चालेल."

मी मुलीला उसवायचे काम दिले. दोन महिन्यांनी ती म्हणाली, "टेलरबाई, ब्लेड बोथट झालंय." तेवढ्या वाक्यावर मी आठवडा काढला. एक दिवस ती कपाटातला करडा कोट घेऊन खाली आली आणि टाका टाका उसवत बसली. मी खाली बघून काजे करत राहिले. त्या कापडाचे मी तिला जाकीट शिवले, तिने ते विरेपर्यंत वापरले.

बाईंचे ऐकून आम्ही घरीही मांडलेली चौथी खुर्ची घरातच राहावी. तिच्यावर कपड्यांचे ढीग रचू नयेत.

४. मापांची वही मुलीस द्यावी. तिच्या आईचे पान मी बाईंच्या खोलीतही उघडले नाही. नवरा गेला, तरी जीभ रेटली नाही. ते इथे लिहायचे आणि वाचून तिला घर नको झाले तर तिने ते खुशाल सोडावे, असे मी ठरवले होते.

पण गेल्या महिन्यात माझे कपडे सैल पडू लागले म्हणून तिने माझे माप घेतले. कमरेशी टेप थांबली. माझ्या तोंडून गेले, "जुनंच लिही."

"नाही, टेलरबाई. आहे तेच लिहिणार. आणि उद्या डॉक्टरकडे जायचं." मग लिहिता लिहिताच म्हणाली, "आईच्या कोटाला तीनदा आत घेतल्याची सुईची भोकं होती. मी उसवला तेव्हाच मोजली. वहीत मात्र बत्तीसच."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

तेव्हाही मी सांगितले नाही, नुसती रडले. म्हणून आता शुद्धीत, दोन साक्षीदारांसमक्ष सांगते: पोरी, मला माहीत होते. मी गप्प बसले.

लिहून देणार: टेलरबाई (सही)

साक्षीदार:
१. समुपदेशकबाई, निवृत्त (सही)
२. शेजारचे चष्मेवाले (सही)

ज्याला मिळायचे त्याने साक्ष करू नये असे वकील म्हणाले, म्हणून मुलीला पडद्यापलीकडे बसवले आहे. पडदा हलतो आहे. तीच आहे.

ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: ९ मार्च