डावा दांडा

धार, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८४६

प्रिय भगवंत,

तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून तू हा कागद चुलीत घालशील, अशी धास्ती आहे. घातलास तरी तुला बोल लावायला मला तोंड नाही. तरी आधी वाच. दुर्गेचं तुझ्याशी लग्न झालं तेव्हा माई मला बजावत होती की बहिणीच्या नवऱ्याला आता दाजी म्हणावं. मी एकदाच म्हटलं, आणि तू इतका हसलास की पन्ह्याचा पेला तुझ्याच अंगरख्यावर सांडला. तेव्हापासून तू भगवंतच राहिलास. आजही तसंच लिहितो आहे, हक्क उरला नसला तरी.

इकडची बातमी म्हणजे घोरपड गेली. रस्त्याच्या ठेक्यासाठी नारायणरावांनी महूच्या लिलावात घेतलेलं ते पलटणीचं यंत्र. चाकं नाहीत, दोन लोखंडी पट्ट्यांवर सरपटत चालतं, म्हणून मजुरांनीच तिला घोरपड म्हणायला सुरुवात केली. तिच्या तोंडाशी दगड उचलायचं लोखंडी सूप तू आणि मी मिळून बसवलं होतं. एवढं पाहून नारायणरावांनी आपल्याला दोन पागोटी दिली, आणि तू ते पागोटं घालून आठ दिवस धारेत मिरवलास. नालछ्याच्या रस्त्यावरच्या त्या दिवसापासून घोरपड त्यांच्या आवारात चिंचेशेजारी पडून होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. आता देवासच्या मोरोपंतांना तळ्याच्या पाळीवर माती ओढायला ती हवी होती. अट एकच, दोन्ही बाजूंना वळली पाहिजे. नारायणरावांनी मला बोलावलं. दोनदा मी नाही म्हणालो. तिसऱ्यांदा ते म्हणाले, “भगवंत असता तर...” आणि मधेच थांबले. मग मी गेलो.

तो दिवस तू विसरला नसशील, पण मला तो इथं लिहायलाच हवा. दसऱ्याचा दुसरा दिवस, नालछ्याचा रस्ता, सकाळचं पहिलंच वळण, डावीकडचं. बापू पुढे वळणाच्या बाहेरच्या कडेला खुणेचे दगड मांडत होता. बावीस वर्षांचं माझं भावंड, तुझ्याच हाताखाली काम शिकत होतं. तू डावा दांडा ओढलास, आणि घोरपड वळली नाही, सरळ गेली. तू इंजिन बंद केलंस, पण जड यंत्राला थांबायला चार पावलं लागतात आणि बापू तीन पावलांवर होता. दांडा ओढलाय, दांडा ओढलाय, असं तू किती वेळ ओरडत होतास.

संध्याकाळी नारायणरावांच्या ओटीवर पंच बसले. यंत्राची देखभाल माझ्याकडे, म्हणून मला विचारलं. दुपारीच मी सुपावरचं माझ्या भावाचं रक्त ओलांडून वर चढलो होतो आणि तो दांडा ओढून पाहिला होता. इंजिन बंद होतं. दांडा लोण्यातून सुरी यावी तसा मांडीपर्यंत आला. मी पंचांना तेवढंच सांगितलं: दांडा मोकळा आहे, ओढला असता तर वळली असती. तू पंचांकडे पाहिलं नाहीस, माझ्याकडे पाहिलंस. पंचांनी दोष तुझ्या माथी मारला. आठ दिवसांत तू आणि दुर्गा गाडी भरून सोनकच्छला निघून गेलात, आणि माईनं घरात तुमचं नाव घ्यायला बंदी केली. ती बंदी मला सोयीची होती, हेही लिहून टाकतो.

तर आता मी तिला सुरू करायला बसलो. इंजिन धडधडायला सहा दिवस लागले. उजवा दांडा ओढला की उजवा पट्टा थांबे आणि ती उजवीकडे वळे. डावा ओढला की काहीच होत नसे. आत पातळ लोखंडी चकत्यांची चळत असते, तुला काय सांगायचं. दांडा ओढला की त्या एकमेकींपासून सुटायच्या, म्हणजे त्या बाजूचा पट्टा थांबतो. मला वाटलं, तीन पावसाळ्यांचा गंज असणार. घासलेट ओतलं, रात्रभर मुरू दिलं, हातोड्यानं ठोकलं. काही नाही. शेवटी तू महूच्या गोऱ्या मिस्त्रीकडून शिकून आणलेला उपाय केला: दांडा मागे ओढून दोरानं बांधायचा, इंजिन चालवायचं आणि झाडाच्या बुंध्याला हळूच नेऊन टेकवायचं, धक्क्यानं चकत्या सुटतात. दोर बांधण्याआधी मी दांडा दोन्ही हातांनी ओढून धरला. तो मांडीपर्यंत आला, त्या दिवशी आला होता तसाच, अगदी मोकळा. आणि घोरपड सरळ चालली होती. समोर चिंच होती. मी सगळा भार टाकून ओढत होतो आणि ती सरळच चालली होती, आणि माझ्या तोंडून तुझेच शब्द बाहेर पडले. चिंच होती म्हणून बरं.

धक्क्यानं चकत्या सुटल्या. मी इंजिन बंद करून तिथंच बसून राहिलो. दांडा मोकळा असतो आणि चकत्या चिकटलेल्या असतात, हे वीस वर्षं लोखंडात काढलेल्या माणसाला त्या दिवशी सुचलं नाही! मग वाटलं, पण तेव्हा तर यंत्र रोज चालत होतं, तेव्हा गंज कुठून? दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं. गंज होता, पण वरवर. चकत्यांच्या मधे काळा, वाळलेला चिकटा होता, गुळाच्या कढईच्या तळासारखा. सुरीनं खरवडला. त्यात तांदळाचे दाणे होते, भगवंत. अक्षता. कुंकवानं लाल झालेल्या, आता काळ्या पडलेल्या. आणि केळ्याच्या चकतीचा एक सुकलेला तुकडा.

तुला आता आठवलं असेल. खंडेनवमीला आपण घोरपडीची पूजा केली होती, तिथंच नालछ्याच्या रस्त्यावर. दरवर्षी हत्यारांवर फूल आणि हळदकुंकू वाहायचं, एवढाच आपला रिवाज. पण त्या वर्षी बापू नवा कामाला लागला होता, म्हणून माईनं सांगितलं की पंचामृताचा अभिषेक करा, कंजुषी करू नका. मोठा म्हणून लोटा माझ्या हातात. मी डाव्या अंगाला उभा राहून पाच लोटे ओतले, दूध, दही, तूप, मध, साखर, आणि ते सगळं दांड्याच्या फटीतून आत गेलं. तू म्हणालास की अरे, आत जातंय, लोखंडाला फुलं पुरेत. मी सगळ्यांसमोर तुझी टिंगल केली की देवाला दूध मोजून घालणारा पहिला कारागीर बघा. बापू सगळ्यांत मोठ्यानं हसला. मग दोन दिवस ती उन्हात उभी होती, दसरा होईपर्यंत तिला हात लावायचा नाही म्हणून.

माईला मी सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबवून म्हणाली, मध मी काढून दिला होता. पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मला वाटलं आता दुर्गेला बोलावणं धाडू म्हणेल. म्हणाली नाही. तिला कोणतं तोंड दाखवू, एवढं मात्र रोज पुटपुटते. पंचांपैकी जयसिंगराव वारले. बाकीच्यांनी ऐकून घेतलं, पान खाल्लं आणि पावसाची गोष्ट काढली. नारायणराव म्हणाले, झालं गेलं, आता उकरून कुणाचं भलं? तळ्याचं पाणी उतरेपर्यंत थांबून घोरपड गेल्या सोमवारी देवासला गेली. आवाराच्या फाटकातून डावीकडे वळायचं होतं. नव्या माणसानं एका हातानं दांडा ओढला आणि ती वळली. मी पाहत उभा होतो. मला त्या माणसाचा राग आला.

चकत्यांचं मला भाद्रपदातच कळलं होतं. तीन महिने मी लिहिलं नाही. रोज उद्या लिहू म्हणत होतो. भ्यालो होतो, दुसरं काही कारण नाही. आज लिहितो आहे ते काल तुमच्या मंडीचा गाडीवान उमाशंकर आला म्हणून. त्यानं फडक्यात बांधलेला तुझा पाना माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, “भिया, उन्ने बोला है, तुम सच्चे थे. मैंने डंडा खींचाच नी होगा.” मी दांडा ओढलाच नसेन, हा तुझा निरोप. मग त्यानं न विचारताच सांगितलं की तू पोती पाठीवर घेतोस, पण एकाच हातानं, डावा हात धोतराच्या कमरेत खोचून ठेवतोस, जेवतानासुद्धा बाहेर काढत नाहीस. भगवंता, पंचांचं सोड, नारायणरावांचं सोड. माझी खोटी साक्ष तू स्वतःच खरी मानलीस, याहून वाईट मी काय करू शकलो असतो? तुला परत ये म्हणत नाही. क्षमा मागत नाही, ती देण्यासारखी गोष्ट नाही. बापू येणार नाही आणि तुझी तीन वर्षंही येणार नाहीत. हे वाचून तुझा विश्वास बसेल अशी आशाही मला फारशी नाही; खोटं मी चारचौघांत बोललो आणि खरं एका कागदावर लिहितो आहे. म्हणून एकच कर. इथवर एकट्यानं वाचलं असशील तर उद्या मंडीत हमालांसमोर पहिल्यापासून मोठ्यानं वाच, दुर्गेला शेजारी बसव, आणि कागद डाव्या हातात धर. त्या हातानं दांडा ओढला होता.

तुझाच, आणि तुझा अपराधी,
खंडोजी