सहेरीची गोळी

अंजनगाव सुर्जी,
१२ ऑक्टोबर २००६

गजालाआपा,

अमरावतीच्या पोलीस भरतीत तू धावलीस, त्या दिवशी एक गोष्ट मी तुला सांगितली नाही.

रोजा असल्यामुळे नडगीच्या दुखण्यावरची पॅरासिटामॉल तू सहेरीच्या जेवणासोबतच, पहाटे पावणेपाचला घेतलीस. "किती वेळ टिकते?" तू विचारलंस. "धावून होईस्तोवर," मी म्हटलं. मी फार्मसी शिकलेली, म्हणून तुला तेवढं पुरलं. धावणं सातला होतं, तेव्हा ते खरंही होतं.

पण तुमची तुकडी साडेअकराला सोडली. गोळीचा असर फार तर सहा तास. तो संपला होता. पाण्याचा थेंब न घेता, त्या उन्हात तू तीन किलोमीटर धावलीस. शेवटच्या फेरीत तिघींना मागं टाकलंस. मी घड्याळ दोनदा पाहिलं. सरावापेक्षा एकोणीस सेकंद कमी.

"पाय माहे, दुखणं माहं, अन् रडून तू राहिली वं?" तू हसलीस. "तुही गोळी लय भारी हाय!"

अमरावतीची यादी तुझी दोन गुणांनी हुकली. उद्या अकोल्याची भरती, यंदाची शेवटची. तू तीच गोळी मागितली आहेस. खरं कळल्यावर तुझे पाय बळकट होतील की खचतील, हे माझ्या एकाही पुस्तकात नाही. म्हणून गोळी देते आणि हे पत्र माझ्याकडेच ठेवून घेते.

उद्या मी शेवटच्या वळणावर उभी राहीन. मला ते पुन्हा बघायचं आहे.

तुझी,
लुबना