पॉलिझोइसला वस्तरा देऊ नये

मी, फादर झकारियास गूसिओस, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार लिथारी, एपिरस, धंद्याने आधी न्हावी व पुढे इलाजच उरला नाही म्हणून धर्मगुरू, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांच्या मते माझे हृदय थकले असून डोके ठणठणीत आहे. माझी पत्नी असिमिना हिचे मत नेमके उलट आहे. ते इथे नोंदवायचे कबूल केल्यावरच तिने मला कागद दिला.

कलम १. राहते घर, मागची बाग, शेळी व मधमाश्यांच्या तीन पेट्या असिमिनाला मिळाव्यात. माश्या तिला चावत नाहीत. मला चावतात.

कलम २. दुकानातली न्हाव्याची खुर्ची चर्चला द्यावी. तशी ती तिथेच आहे. बिशप येतात तेव्हा त्यांना बसायला गावात दुसरे साजेसे आसन नाही, म्हणून तिच्यावर लाल कापड टाकतात. उजव्या हाताखालच्या दांड्याला कोणी हात लावू नये. सतरा साली बिशपांनी लावला, खुर्ची मागे कलली आणि अर्धी उपासना त्यांनी छताकडे पाहत केली.

कलम ३. मेहुणा फोतिस याने सत्त्याऐंशी साली ऑलिव्ह उतरवायला नेलेली शिडी मी त्यालाच देऊन टाकतो. तो ती परत करणार नाही हे आता आम्हा दोघांनाही कळले आहे. दफनाच्या दिवशी त्याने माझ्याविषयी भाषण करू नये.

कलम ४. माझा वस्तरा असिमिनाने माझ्यासोबत पुरावा किंवा विहिरीत टाकावा. पण तो पॉलिझोइस दारास, निवृत्त बसचालक, याला कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. याचे कारण थोडे लांबलचक आहे.

अठ्ठ्याहत्तर सालच्या सुरुवातीला गावचे जुने फादर वारले आणि पुढची दोन वर्षे तरी नवे कोणी येणार नाही, हे स्पष्ट दिसत होते. माझे दुकान तेव्हा जोरात होते. त्या हिवाळ्यात एक म्हातारी गेली. खाली खोऱ्यातून धर्मगुरू आणायचा तर रस्ता बर्फाने बंद. माझा आवाज खणखणीत, म्हणून लोकांनी माझ्या हातात स्तोत्रांचे पुस्तक दिले. कबरीच्या खड्ड्याशी उभा राहून मी वाचले. देवाने काही गर्जना वगैरे केली नाही. वाचता वाचता मला एवढेच कळले, की हे काम माझे आहे. आणि मला फार राग आला.

मी कोण? हजामती करणारा, तोंडाळ माणूस. आमच्याकडे धर्मगुरूने दाढीला कात्री लावायची नाही. म्हणजे न्हाव्यानेच झिपऱ्या वाढवून हिंडायचे. गावाने बिशपांना माझे नाव कळवले, तशा मी पळवाटा शोधल्या. पहिली पळवाट बायको, कारण विवाहित माणसाला दीक्षा द्यायची तर बायकोची लेखी संमती लागते.

"मी नाही म्हणालो असतो, पण बिशपांनी तुझं मत विचारलंय," मी असिमिनाला म्हणालो.

"दिवसभर दुकानात तोंडाची टकळी चालूच असते तुमची," ती म्हणाली, "ती निदान देवाच्या कामी तरी येऊ दे. कुठे करू सही?"

दुसरी पळवाट पॉलिझोइस. दीक्षेच्या वेळी बिशप एकेक वस्त्र उंच धरून "लायक आहे!" म्हणतात आणि लोक तेच ओरडतात. गळ्यातला पट्टा, कमरपट्टा, अंगरखा, अशी तीन वस्त्रे. कोणी "नालायक!" ओरडले तर सगळे थांबते आणि चौकशी होते. पॉलिझोइस तेव्हा पंचवीस वर्षांचा होता व नुकताच बसवर लागला होता. त्याने "नालायक" ओरडायचे, मी त्याची जन्मभर फुकट दाढी करायची, असा आमचा करार झाला.

पट्ट्याच्या वेळी तो ओरडला, "लायक आहे!" मला वाटले, दुसऱ्या वस्त्राची वाट पाहतोय. कमरपट्ट्याला पुन्हा "लायक आहे!" अंगरख्याच्या वेळी तर तो असा बोंबलला की बाहेरची गाढवे बिथरली.

मी त्याला चर्चच्या मागे गाठले. "हरामखोरा, हे काय केलंस?"

"तुमच्या तोंडाकडे पाहिलं, दादा," तो म्हणाला. "खोटं बोलवेना."

आणि पुढच्याच शनिवारी गळ्याला टॉवेल गुंडाळून हा इसम माझ्या स्वयंपाकघरात हजर! "मी ओरडायचं कबूल केलं होतं, ओरडलो. काय ओरडलो ते सोडा, फादर. साबण लावा." एकेचाळीस वर्षे दर शनिवारी मी त्याची दाढी केली. तो दर शनिवारी माझ्या मागच्या प्रवचनातल्या चुका काढत आला. मी हे त्याला माफ केले आहे की नाही, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

कलम ५. गळ्यातला रेशमी पट्टा, प्रार्थनेचे पुस्तक व चर्चची किल्ली.

बिशपांच्या कचेरीचे पत्र आले आहे: माझ्यामागे लिथारीला कोणी देता येणार नाही, चर्च वर्षातून एकदा सणाला उघडेल. गावात एकतीस माणसे उरली आहेत. त्यांना सणाची वाट पाहून मरता येणार नाही. पहिला नंबर माझाच आहे, आणि मला फोतिसच्या भाषणावर खड्ड्यात जायचे नाही. खरे सांगतो, मला याची भीती वाटते.

गेल्या शनिवारी पॉलिझोइस गालाला साबण लावून बसला होता आणि चुका काढत नव्हता. हे पापनिवेदन नव्हते, दाढी होती, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

"रविवारी तुम्हाला खोकल्याची उबळ आली ना," तो म्हणाला, "तेव्हा पुढची प्रार्थना माझ्या तोंडून आपोआप आली. मोठ्याने. सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेव्हापासून मला चैन नाही, फादर. सहासष्ट वय माझं! पेन्शन घेऊन अंजिराखाली बसायचं ठरवलं होतं मी. मला इतका राग आलाय!"

माझ्या हातातला वस्तरा थांबला. तो राग मी ओळखला.

"कोणी बिशपांना माझं नाव सुचवलं तर सांगा की नालायक आहे," तो म्हणाला. "शब्द द्या, दादा." एकेचाळीस वर्षांनी त्याने मला दादा म्हटले. मी शब्द दिला. त्याने मला दिला होता, अगदी तसाच.

सबब वरील तिन्ही वस्तू पॉलिझोइस दारास याला मिळाव्यात. बिशपांना माझे पत्र मंगळवारी गेले आहे. सोबत त्याच्या बायकोची, एव्हान्थियाची, लेखी संमती जोडली आहे. मी विचारायला गेलो तेव्हा ती भांडी घासत होती. हात पुसून तिने सही केली आणि पुन्हा भांड्यांकडे वळली. देवाची हाक मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही, हे मी जाणतो. ती त्याला आधीच आलेली आहे. मी फक्त पट्टा देतो. त्याच्या दीक्षेला मी नसलो तर माझ्या वतीने असिमिनाने "लायक आहे" ओरडावे. तिन्ही वेळा.

सहीपूर्वी जोडलेला मजकूर. आज नोटरी क्लेओनिकीबाई आल्या तेव्हा मी पॉलिझोइसची दाढी करत होतो. आताशा वेळ लागतो. तिसरा साक्षीदार म्हणून त्याने टॉवेलासकट पेन उचलले. बाई म्हणाल्या, "तुम्हाला सही करता येणार नाही. ज्याला काही मिळतं तो साक्षीदार चालत नाही."

"मला?" तो म्हणाला. "मला काय ठेवलंय यांनी?"

मी कलम ५ वाचून दाखवले. त्याने टॉवेलाने गालावरचा साबण पुसला. मग म्हणाला, "हरामखोरा, हे काय केलंस?" आणि टेबलावरची किल्ली उचलून निघून गेला.

आता संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा वाजते आहे. मी आजारी पडल्यापासून ती वाजली नव्हती. त्याची दाढी डाव्या गालाचीच झाली आहे. उजवी राहिली ती राहिली. आता ती करायचे कारण नाही.

साक्षीदार: १. थेमेलिस, पोस्टमन (सही). २. स्टामूलो, चीज विकणारी (सही). ३. पॉलिझोइस दारास (नाव खोडले). त्याऐवजी फोतिस, मेहुणा (सही). कलम ३ त्याने वाचलेले नाही.

स्थळ: लिथारी, आमचे स्वयंपाकघर. शनिवार, ९ नोव्हेंबर २०१९.

(सही) फादर झकारियास गूसिओस, न्हावी